गुणवंताच्या नावाची ओ

दिनांक १७ ऑक्टोबर १९८६, शुक्रवार. त्या रात्री भारतातून खग्रास चंद्रग्रहण दिसले. ते पंचांगातही आहे आणि खगोलाच्या कोष्टकांतही. त्याच दिवशी दुपारी, ग्रहणाचे वेध लागल्यानंतर, मध्य प्रदेशात, पांढुर्ण्याजवळच्या तिगाव स्थानकापासून दीड कोसावरच्या हिवरखेडी गावात श्रावण कोटवाराने एका कुलूपबंद घरासमोर उभे राहून घरधन्याच्या नावाने तीन हाका मारल्या. ही गोष्ट कोणत्याही कोष्टकात नाही. कोटवाराच्या वहीत तिच्यासाठी एकच शब्द खर्ची पडला आहे. लिहिणाऱ्याला तो जन्मभर पुरला.

कोटवार म्हणजे गावाचा राखणदार. दवंडी त्यानेच द्यायची, पटवाऱ्यामागे मोजणीची साखळी, म्हणजे जरीब, धरून त्यानेच चालायचे, गावात कोण जन्मले आणि कोण गेले ते त्यानेच वहीत मांडायचे. श्रावणच्या घराण्यात हे काम चार पिढ्यांचे. वहीचे रकाने हिंदीत छापलेले आणि नोंदी मराठीत, वळणदार, शिसपेन्सिलीने. एकतीस वर्षांत एक नोंद खोडली नाही, याचा त्याला अभिमान होता. पण तो बोलून दाखवायची त्याला सवय नव्हती.

या गावात आणखी एक रीत होती. अखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी कोटवाराने घरोघर जायचे आणि उंबऱ्याबाहेर, रस्त्यावरूनच, घरधन्याला नावाने तीन हाका मारायच्या. घरधन्याने बाहेर यायचे नाही. आतूनच ओ द्यायची. ओ आली की कोटवाराने वहीत ‘हाजर’ लिहायचे आणि उंबऱ्यावर सुपात ठेवलेली पायलीभर जवारी झोळीत घ्यायची. म्हातारे सांगत, की ही रीत पटकीच्या सालातली. त्या साली घरेच्या घरे बसली. दाराला हात लावायला कोणी धजेना, तेव्हा जिवंत कोण उरले ते कोटवाराने हाका मारून मोजले. श्रावणचा बाप दुसरे कारण सांगे. तो म्हणे, “पटकी त आता आली बाप्पा. आपल्याले उंबऱ्याच्या आत येऊच देत नव्हते, त डोळ्यानं मोजाव कसं? म्हून आपल्या वहीत मानसं नाईत, आवाज हायेत.”

१९५६ च्या धर्मांतरानंतर श्रावणच्या घरातले देव जाम नदीत गेले, आणि देवांबरोबर भुतेही गेली, असे तो मानत असे. रीत मात्र राहिली, कारण ती कामाची होती. पटवारी चौकशीचा अहवाल लिहिताना ‘कुटुंबप्रमुख गावात हाजर’ हे वाक्य त्याच वहीवरून उतरवून घेत. घराच्या आत जाऊन पाहण्याचे कष्ट त्यांनाही नको असत.

त्या कुलूपबंद घराचा धनी गुणवंता १९७६ च्या पोळ्यानंतर गेला. संत्र्यांच्या पेट्यांबरोबर तिगावहून इटारसीकडच्या गाडीत चढला, तो परत आला नाही. पेट्या पोहोचल्या. त्याची बायको यमुना तेव्हा अठ्ठावीस वर्षांची, आणि मुलगी सुशीला सात वर्षांची. यमुनेने कपाळाचे कुंकू पुसले नाही, आणि गावानेही तिला कधी त्याबद्दल विचारले नाही. नवऱ्यामागे त्याच्या संत्र्याच्या बागेला डिंक्या रोग लागला. झाडे एकेक करून वाळली आणि १९८१ च्या हिवाळ्यात सरपणाला गेली. यमुना हंगामात पांढुर्ण्याला संत्री निवडायला जाई, बाकीचे दिवस लोकांचा कापूस वेची. त्यावर मुलगी शिकली, आणि चांगली शिकली. १९८६ साली सुशीलाला छिंदवाड्याच्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला. वसतिगृहाची खोलीही ठरली. शिष्यवृत्ती मिळाली तर खोली, नाहीतर घर, असा तो सरळ हिशेब होता.

शिष्यवृत्ती पालकाच्या उत्पन्नावर ठरत असे. मर्यादेच्या खाली असलेल्यास मिळेल, वर असलेल्यास नाही. सुशीलाचा अर्ज सप्टेंबरात परत आला. शेरा असा होता : ‘वडील हयात व गावी हाजर. संत्र्याची बाग, दोनशे चाळीस झाडे. उत्पन्न मर्यादेपेक्षा अधिक. वडिलांची सही नाही.’ दुरुस्त कागद दाखल करण्याची शेवटची तारीख होती १८ ऑक्टोबर.

सुशीला अर्ज घेऊन आधी पटवाऱ्याकडे गेली. हेमंत पटवारी सौसरचा, नोकरीत नवा. माणूस वाईट नव्हता. त्याने श्रावणला बोलावून घेतले आणि खसऱ्याचे, म्हणजे शेतांच्या नोंदवहीचे, पान उघडले.

“झाडं त पाच वर्साआधी तोडली, साहेब,” श्रावण म्हणाला. “मी स्वतः पायलं.”

“तू पायलं. पण कागदावर उभी हायेत. कमी करायची त अर्ज मालकानं द्यायचा.”

“मालक नाई.”

हेमंतने श्रावणचीच वही त्याच्याकडे फिरवली. “हे अक्षर कोनाचं, कोटवार? सत्त्याहत्तर, हाजर. अठ्ठ्याहत्तर, हाजर. या साली हाजर. दहा वर्सं तूच लिहून राहिला, आन आता मले सांगतं मालक नाई?”

श्रावणने पान पाहिले. दहा ओळी, एकाखाली एक. अक्षर त्याचेच होते. यात काही चूक आहे असे त्याला आजवर वाटले नव्हते. नवरा घरी नसेल तर बायकोने ओ द्यावी, बायको नसेल तर पोराने द्यावी, हे रीतीत बसत होते. घराने ओ दिली म्हणजे घरधन्याने दिली. तो तसेच धरून चालला होता. पण त्या घरातून नेमकी कोणी ओ दिली, हे त्याने आठवून पाहिले तेव्हा कानात जो आवाज उमटला तो बाईचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो यमुनेकडे गेला. ती अंगणात कापसातली काडी-कचरा वेचत होती. सुशीला शेजारी बसली होती.

“यमुनाबाई, एक इचारू काय? अखाजीले मी हाक मारतो, त ओ कोन देते?”

यमुनेने मान वर न करता सांगितले, “पोरगी देते ना. मी मागं राहतो, गोठ्यात. उंबऱ्यावर सूप ठेवाचं काम बी तिच्याचकडं.”

सुशीलाचा हात थांबला. “मी? मले वाटे तू देतं, माय. सूप बी तूच ठेवतं समजत होतो मी. त्या येळेस मी विहिरीवर राहतो.”

“मी कायले ठेवू? कोठीतून जवारी मी कधी काढलीच नाई. मी म्हनो, पोरगी शहानी झाली, न सांगता करते.”

“आन मी म्हनो, मायले बापाची आठोन येत असन, म्हून बोलत नाई.”

मग सुशीला हळूच म्हणाली, “श्रावणकाका, तुमचा कान त शाबूत हाये ना?”

“तुह्याएवढाच हाये, पोरी,” श्रावण म्हणाला. पण घरी जाईपर्यंत तोच प्रश्न त्याला सोडत नव्हता. कान नसेल चुकला, तर पेन्सिल चुकली असेल. सत्तर घरे, दोनशे दहा हाका, सत्तर वेळा एकच शब्द; एखाद्या दारी ओ येण्याआधीच हाताने शब्द उमटवला असेल. शहाण्या माणसाने असेच समजावे. त्याने तसेच समजायचे ठरवले आणि पडताळा म्हणून एक वर्ष निवडले. १९८३ च्या अखाजीला यमुनेच्या भावाचे लग्न लोधीखेड्याला होते. मायलेकी चार दिवस तिकडेच होत्या. घराला कुलूप होते. हे त्याला पक्के माहीत होते, कारण लग्नाला जाताना यमुनेने घरावर नजर ठेवायला त्यालाच सांगितले होते. पण त्या सकाळी हाका मारताना त्याचे कान ओकडे होते, कुलपाकडे लक्षच गेले नव्हते.

वहीत १९८३ समोर लिहिले होते : गुणवंता, हाजर. पुढच्या रकान्यात : जवारी, एक पायली.

शब्द सवयीने लिहिला जाईल. पायलीभर जवारी सवयीने झोळीत येत नाही.

त्याने बायकोला विचारले. पंचफुला चुलीपुढे होती. तिला जवारीचे साल विचारणे म्हणजे बाळंतिणीला पोराचा जन्मदिवस विचारणे.

“त्र्याऐंशीची? ते बारकी, लालसर? अशी त माह्या सासूच्या जमान्यात पेरत. आता सारं हायब्रीड झालं, आनते कोठून कोन? भाकर काळी पडली होती तिची. आन वास, जसं किती वर्स कनगीत बंद होती.” तिने तव्यावरची भाकर उलटली. “दर साली एक पायली तशी निंगते. मी येगळी काढून ठेवतो. कोनाच्या घरची हाये म्हून तुमाले इचारलं बी होतं. तुमी म्हनले, भुकेले घर नसते.”

“म्हनलो असन.”

“म्हनले होते.”

त्या रात्री श्रावणच्या घरी भाकर कोणीच धड खाल्ली नाही.

गावात चौकशीची बातमी पसरायला विहिरीपर्यंतचेच अंतर लागले. पुंडलिकराव पारावर बसले होते. गावातले सर्वांत मोठे शेतकरी; चार भाऊ, एक वाडी, एक चूल, आणि कागदावर चार खाती. अखाजीला त्यांच्या अंगणातून चार नावांना चार ओ येत. श्रावण चार वेळा ‘हाजर’ लिही. चार आवाज म्हणजे चार घरे, चार घरांत विभागलेले उत्पन्न म्हणजे प्रत्येकाचे थोडेथोडे. त्यांच्या मुलाला शिष्यवृत्ती आधीच्या सालापासून चालू होती.

“काय श्रावन्या, आयकलं तू मुर्दे उठवून राहिला?” पुंडलिकराव म्हणाले. “की गाडून राहिला? नक्की सांग, म्हंजे फुलं आनाची का अबीर, ते ठरवतो.”

“मी काई नाई करत, पुंडलिकराव. वही पाहून राहिलो.”

“वही पाहाची नसते. वही लिहाची असते.” ते हसले, मग हसू आवरून म्हणाले, “पाहाले लागला त साऱ्याच घरचं पाहाव लागन तुले. तेवढं ध्यानात असू दे.”

श्रावणच्या ध्यानात ते होतेच. पुंडलिकरावांच्या चारही ओळी शब्दशः खऱ्या होत्या. चार माणसे जिवंत, चार आवाज खणखणीत. त्या खऱ्या नोंदींवर उभा असलेला दाखला खोटा होता, आणि तो खोटा आहे हे सिद्ध करील असे एकही खोटे अक्षर वहीत नव्हते.

हेमंत पटवाऱ्याने अखेर मार्ग काढला. तो कागदाला धरून होता. “रीतीनं हाजर लिहिलं, त रीतीनंच गैरहाजर लिहू. पंचांसमोर हाक मार. ओ नाई आली, त पंचनामा करतो. मग बाईची सही चालते, झाडंही कमी करता येतात, अन् उत्पन्न तिच्या मजुरीचं धरता येते.”

यमुना दाराशी उभी राहून ऐकत होती. तिने एकच विचारले. “गैरहाजर म्हंजे मेला, असं नाई ना लिहिनार तुमी?”

“नाई बाई. गैरहाजर म्हंजे गैरहाजर.”

“मंग लिवा.”

दिवस मिळाला तो १७ तारखेचा. दुसऱ्या दिवशी कागद छिंदवाड्याला पोहोचायला हवे होते. दुपारपासून ग्रहणाचे वेध लागले. चुली विझल्या, पाण्याच्या भांड्यांत तुळशीची पाने पडली, गरोदर बायका आत बसल्या, आणि भर दिवसा गावाने दारे लोटून घेतली. श्रावण वेध पाळत नसे. तरीही रिकाम्या गल्लीतून चालताना आपल्याच चपलांचा आवाज त्याला जास्त वाटला.

यमुनेच्या घरासमोर पाचजण उभे होते : श्रावण, हेमंत, मायलेकी आणि पंच म्हणून पुंडलिकराव. दुसरा पंच कोणी येईना, तेव्हा हेमंतने श्रावणलाच पंच धरले. सुशीलाने सगळ्यांना घर फिरून दाखवले. दोन खोल्या, रिकामी कोठी, मागे गोठा. कोठीचे झाकण तिने उघडले आणि तळ दाखवला. तळाशी कोळ्याचे जाळे होते. मग मागचे दार आतून अडसर घालून बंद केले, पुढच्या दाराला कुलूप लावले आणि किल्ली मुठीत धरली.

“काका, नीट मारजा हाक,” ती म्हणाली. “हलकी मारून मंग नाई आली म्हनसान, त मले नाई पाहिजे तशी.”

श्रावणने वही उघडली, पेन्सिल कानावरून काढली.

“गुणवंता!”

गल्ली सुन्न होती. कौलावर बसलेला एक पारवा उडाला.

“गुणवंता!”

काही नाही. पुंडलिकराव खाकरले. हेमंतने मनगटावरचे घड्याळ पाहिले. श्रावणने श्वास घेतला आणि तिसरी हाक मारली, अखाजीला मारत असे तशीच, शेवटचे अक्षर लांबवून.

ओ आली.

ती मोठी नव्हती. घाईची नव्हती. दाराला पाठ टेकून कोणी बराच वेळ बसलेले असावे आणि त्याने मान न वळवता उत्तर द्यावे, तशी ती जवळून आली. थोडी घोगरी, थोडी कंटाळलेली. दहा वर्षे याच आवाजावर आपण लिहीत आलो, हे श्रावणला ऐकताक्षणी कळले.

त्याने इतरांकडे पाहिले. पुंडलिकराव आपल्या जोड्यांकडे पाहत होते. हेमंतचा पेन कागदावर टेकला होता आणि शाईचा ठिपका पसरत चालला होता. यमुना जमिनीकडे पाहत होती. पण तिचा हात वर गेला होता आणि डोक्यावरून खांद्यावर घसरलेला पदर तिने पुन्हा कपाळापर्यंत ओढून घेतला होता. घरधनी आत आहे हे कळल्यावर बाई ओढते तसा. सुशीला दाराकडे पाहत नव्हती. ती श्रावणकडे पाहत होती.

वहीचे पान समोर होते. एकतीस वर्षांत त्याने न ऐकलेले लिहिले नव्हते आणि ऐकलेले गाळले नव्हते. आज ऐकलेले लिहिले तर उद्या कागद जाणार नव्हते, खोली जाणार होती, आणि ही पोर मायच्या मागे कापसाच्या ओळीत उभी राहणार होती. तीही अशा उत्पन्नासाठी, जे गेल्या पाच वर्षांत एका पैशानेही घरात आले नाही, आणि अशा बापापायी, ज्याने दहा वर्षांत ओ देण्यापलीकडे काही दिले नाही. ‘पायलीभर जवारी दिली,’ असे त्याच्या मनात आले. पण तीही या घराला नव्हे, श्रावणला.

त्याने लिहिले : गैरहाजर.

“आवाज आला काय, कोटवार?” हेमंतने विचारले.

“नाई, साहेब.”

“मलेही नाई आला,” हेमंत म्हणाला. त्याला कोणी विचारले नव्हते.

“माहा एक कान आधीच बहिरा हाये,” पुंडलिकराव म्हणाले, आणि सही करायला त्यांनी हात पुढे केला. सही करून ते ग्रहणाचे वेध असल्याचे कारण सांगून उभ्याउभ्या निघाले.

यमुनेने अंगठा दिला. सुशीलाने कुलूप उघडायला बराच वेळ घेतला. आत कोणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या गाडीने कागद घेऊन गेली. शिष्यवृत्ती मंजूर झाली. महिन्याभराने यादी लागली, तीत हिवरखेडीची दोन नावे होती : एक सुशीलाचे, दुसरे पुंडलिकरावांच्या मुलाचे. पटवाऱ्याच्या कार्यालयात ती यादी श्रावणने दोनदा वाचली. ज्याला हक्क नव्हता त्याची नोंद खरी होती. जिला हक्क होता तिच्यासाठी त्याला खोटे लिहावे लागले होते. याला न्याय म्हणावे की नाही, हे त्याने पंचफुलेला विचारले. ती म्हणाली, “पोरगी शिकून राहिली ना? मंग झोपा आता.”

पुढच्या वर्षी यमुना छिंदवाड्याला, मुलीच्या वसतिगृहाजवळ मजुरी धरून राहायला गेली आणि घराला कायमचे कुलूप लागले. १९८७ च्या अखाजीनंतरच्या सकाळी श्रावण गल्लीत आला. गैरहाजर लिहिलेल्याला पुन्हा हाक मारायची नसते. तो त्या घरापुढून न थांबता जाणार होता, पण पाय थांबले. उंबऱ्यावर सूप होते. सुपात पायलीभर जवारी होती, बारकी, लालसर.

त्याने ती घेतली नाही. हाक मारली नव्हती. मजुरी कशी घ्यायची? तो पुढच्या दारी गेला आणि पुढचे नाव घेतले. १९८९ मध्ये त्याने काम सोडले आणि त्याबरोबर ही रीतही गावातून गेली. वही तेवढी राहिली. तिच्यात १९८७ पासून गुणवंताच्या नावासमोर जागा कोरी आहे. खोडलेले एकही अक्षर नाही.

तिगावहून गाडीत चढल्यानंतर गुणवंताचे काय झाले, हे कळलेले नाही. दहा वर्षे ओ कोणी दिली आणि जवारी कोणी ठेवली, हेही कळलेले नाही. त्या दुपारी बाकीच्या चौघांपैकी कोणाला काही ऐकू आले का, हे त्यांच्यापैकी एकानेही कधी सांगितले नाही, आणि श्रावणने विचारले नाही. १९८७ चे ते सूप दुपारनंतर उंबऱ्यावर नव्हते. कोणी उचलले, ठाऊक नाही.